कावळ्याच्या खडकाच्या आतून

बॉथेल, १४ सप्टेंबर २०२३

ती. बाबांना चारूचा वाकून नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. स्टँप वाकडा लावला म्हणून इतकं रागवायचं? चौतीस वर्षं नागपूरच्या पोस्टात काढलेल्या माणसाची मुलगी आहे मी, मान्य, पण इथल्या पोस्टातल्या बाईने काही हरकत घेतली नाही हो. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि व्हिडिओ कॉलवर तुम्ही नुसती हसून मान डोलावता, म्हणून दोघंही अमेरिकेत असलो तरी आपलं हे पत्रांचंच बरं. ऑफिसात सांगितलं की मी वडिलांना कागदावर पत्र लिहिते, तर शंतनू म्हणाला, यार, तू कुठल्या शतकात राहतेस.

तुम्ही विचारलंत, तुझं नक्की काम काय, चार माणसांत सांगता येईल असं लिही. तर ऐका. इथल्या किनाऱ्याजवळून टग जातात, म्हणजे लहान पण भयंकर ताकदीच्या बोटी. त्या लोखंडी दोराने मागे बार्ज, म्हणजे मालाने भरलेल्या चपट्या मोठ्या होड्या, ओढतात. बार्जला इंजिन नाही, ब्रेक नाही, आणि पुढची टग पाव मैल लांब. या टगांनी कुठल्या वाटेने जायचं ते आता नव्याने आखायचं चाललंय. त्याच पाण्यात इथले मूळ लोक पिढ्यान्‌पिढ्या खेकडे धरतात. पूर्वी त्यांना कोणी विचारत नसे. आता सरकारी ग्रँट मिळते, की या लोकांना आणि किनाऱ्यावरच्या बाकी मच्छीमारांना मीटिंगला येता यावं, बोलता यावं, बुडालेला दिवस भरून मिळावा. त्या मीटिंगा घ्यायचं काम आमच्या कंपनीकडे आहे. कंपनीत माझ्याकडे. गावाला काय ठरलं ते कळवायचं, तेही माझ्याकडेच.

परवा त्या मूळ लोकांच्या गावी गेले होते. इथून साडेचार तास ड्राइव्ह. व्हर्नन म्हणून एक अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ आहेत, त्यांची बोट आहे. त्यांची बायको लोर्ना. मी मासे खात नाही म्हटल्यावर तिने माझ्यासाठी मुद्दाम बटाटे उकडले आणि मग सगळ्या हॉलला सांगितलं की हिला समुद्रावर पाठवलंय आणि ही बटाटे खाते. मीटिंगच्या आधी आम्ही सह्या घेऊन प्रत्येकाला मानधनाचं पाकीट दिलं. तर लोर्ना हसायलाच लागली. त्यांच्यात मोठ्या कार्याला काही माणसांना साक्षीला बोलावतात, त्यांच्या हातावर नाणं ठेवतात. नाणं घेतलं की तिथे बोललेलं आयुष्यभर लक्षात ठेवायचं आणि पुढे कधी वाद निघाला तर उभं राहून सांगायचं. ती म्हणाली, तुम्ही आधीच पैसे दिलेत, आता इथले एकेचाळीस जण तुमच्या बोलण्याचे साक्षीदार झाले.

व्हर्ननना एकच काळजी. कावळ्याचा खडक म्हणून एक खडक आहे, त्याच्या आतल्या, म्हणजे किनाऱ्याकडच्या बाजूला त्यांचे खेकड्यांचे पिंजरे असतात. वाट खडकाच्या बाहेरूनच जाणार ना, हे त्यांनी तीनदा विचारलं. आमच्या वकिलाला लेखी हरकत घ्यायला सांगू का, असंही विचारलं. माझ्याकडच्या नकाशात वाट बाहेरूनच आहे. म्हातारा माणूस, चेहरा इतका दमलेला, म्हणून मी उभी राहून म्हणाले की काही काळजी करू नका, लिहायची गरज नाही, मी बघते. तुम्ही म्हणता ना, अगदी तसं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. बाबा, फार बरं वाटलं मला.

मिहीरदादा, ऋतावहिनी बरे? वेदला म्हणावं, आत्याला मराठीत दोन ओळी लिही. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची
चारू


फ्रिस्को, २५ सप्टेंबर २०२३

चि. चारूस, मिहीरच्या घरून, फ्रिस्कोहून, पोतेभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचले. स्टँप या खेपेस सरळ होता, पण पिनकोडचा सात एकासारखा काढतेस. इथल्या यंत्राला कळतो, मला कळत नाही.

तुझे काम आता नीट समजले. संध्याकाळी मंदिरात आमचा म्हाताऱ्यांचा कट्टा जमतो तिथे मी सांगितले की माझी मुलगी समुद्रावर रस्ते आखते. एका हैदराबादच्या गृहस्थाने विचारले, सिग्नल कुठे लावतात? मी म्हटले, तिला विचारून कळवतो. तेव्हा कळव.

त्या व्हर्ननरावांना धीर दिलास हे उत्तम केलेस. माणसाला अर्धे आजारपण काळजीनेच येते. मी पोस्टमास्तर असताना कोणीही रडत आले की आधी म्हणायचो, बसा, पाणी प्या, मी बघतो. पुढचे पुढे. तुझी आई चिडायची, म्हणायची तुम्ही सगळ्या जगाचे बघता आणि गॅसचा नंबर लावायला विसरता. त्या लोकांची साक्षीची पद्धत मला फार आवडली. आपल्याकडे पैसे दिले की साक्षीदार फिरतो, त्यांच्याकडे पक्का होतो!

वेदला मराठीत लिही म्हटले तर तो 'टू मच वर्क, आजोबा' म्हणून पळाला. माझे पोट जरा कुरकुरते आहे. ऋता उगाच स्कॅनला नेणार आहे. किरकोळ आहे, तू डोक्यात घेऊ नकोस.

आठवण ठेव, आणि जेवणाच्या वेळा पाळ.

तुझा
बाबा


बॉथेल, ३० नोव्हेंबर २०२३

ती. बाबांना चारूचा नमस्कार. वि. वि.

उशीर झाला लिहायला. स्कॅनचं काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत, वहिनीला विचारलं तर म्हणाली ऑल गुड. बरं झालं.

इथे मात्र सगळा घोळ झाला आहे. वाट खडकाच्या आतून ठरली. टगवाल्या कंपन्यांनी शेवटच्या आठवड्यात कळवलं की हिवाळ्यात बाहेरच्या बाजूला लाटा फार उंच असतात, आतून जाऊ द्या. आणि रेषा सरकली. अहवालात काय लिहिलंय माहितेय? स्थानिकांचा सहभाग पूर्ण, एकेचाळीस सह्या, लेखी हरकत एकही नाही. बाबा, त्या सह्या पाकिटाच्या होत्या! आणि हरकत घेऊ नका म्हणून मीच सांगितलं होतं. हरकतीला मीटिंगनंतर तीस दिवस होते, ते कधीच संपले.

एक जानेवारीपासून टग आतून जाणार. नोटीस एका वेबसाइटवर लागली आहे, ती गावात कोण उघडून बघतंय. गावाला कळवायची ईमेल मीच पाठवायची आहे. लिहून ठेवली आहे, तीन दिवस ड्राफ्टमध्ये पडून आहे. पाठवायला हात होत नाही. बॉसला खूप भांडून सांगितलं. ती म्हणाली, फेब्रुवारीत फेरविचार होईल तेव्हा मांडू. मला वाटतं तेव्हा नक्की फिरेल. मग एकदम सांगेन की असं झालं होतं पण आता निस्तरलं. मधल्या मध्ये म्हाताऱ्या माणसांच्या जिवाला घोर कशाला? लोर्नाने मला नाताळला बोलावलंय, बटाट्यांचे तीन प्रकार करणार आहे म्हणे. मी कामाचं निमित्त सांगून नाही म्हटलं. तोंड कसं दाखवू?

मी बरोबर करतेय ना? तुम्ही सांगा.

चारू


फ्रिस्को, ९ डिसेंबर २०२३

चि. चारूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र दोनदा वाचले. घाबरू नकोस. वाईट बातमी सांगायला कधीच उशीर होत नाही, ती केव्हाही सांगता येते. काम फिरण्याची आशा असेल तर आधी काम फिरव, मग सांग. त्या म्हाताऱ्याला आज सांगून तो काय करणार? नुसता झुरणार.

तुझ्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत तुझी आई दवाखान्यात होती. अठरा दिवस. मी सगळ्यांना बजावले होते की चारूला पुण्यात अक्षर कळता कामा नये, मी बघतो. शेवटचा पेपर झाल्यावर तुला फोन केला. तू आलीस तेव्हा ती शुद्धीवर नव्हती हे खरे, पण तुझे वर्ष वाचले, पहिल्या वर्गात आलीस, आज अमेरिकेत आहेस. तेव्हा मी चुकलो असे मला कधी वाटले नाही.

इकडे सर्व ठीक. पोटाला गोळ्या चालू आहेत. वजन थोडे उतरले, त्यामुळे पँटीला वेदचा पट्टा लावतो. त्यावर चेंडूची चित्रे आहेत. कट्ट्यावर सगळे हसतात.

तो समुद्रातल्या सिग्नलचा खुलासा राहिलाच. आशीर्वाद.

बाबा


बॉथेल, १८ जानेवारी २०२४

बाबा,

व्हर्नन गेले.

शनिवारी सकाळी धुकं होतं. या वर्षात पहिल्यांदाच ते पिंजरे उचलायला खडकाच्या आत गेले होते, एकटेच. टग त्यांच्या पुढून गेली. ती त्यांना दिसली असणार, कारण रेडिओवर ते हसत बोलले की कोणीतरी वाट चुकून आमच्या अंगणात शिरलंय. टग गेली म्हणून त्यांनी बोट पुढे घातली. मागून बार्ज आली. वाट चुकून आत आलेली टग एकटीच असणार, मागे ओढत काही आणत नसणार, असं त्यांना वाटलं असावं. आता बार्जची नेहमीची वाटच आतून आहे हे त्यांना माहीतच नव्हतं.

बोटीचे तुकडे मिळाले. व्हर्नन दुसऱ्या दिवशी मिळाले.

ती ईमेल अजून ड्राफ्टमध्ये आहे. सत्तावीस नोव्हेंबरची. मी ती सारखी उघडते आणि बंद करते. ऑफिसातून सांगितलंय की चौकशी होईल, कोणाशी काही बोलू नका, विचारलं तर वकिलाकडे बोट दाखवा. लोर्नाचा फोन आला होता. मी उचलला नाही. बाबा, मी उचलला नाही.

चारू


फ्रिस्को, २५ जानेवारी २०२४

चि. चारूस आशीर्वाद.

फार वाईट झाले. त्या बाईचे दुःख मी जाणतो. पण आता मी लिहितो ते नीट वाच.

बार्ज तू हाकत नव्हतीस. रेषा तू सरकवली नाहीस. धुके तू आणले नाहीस. तू आपणहून उभी राहून मी दोषी म्हणालीस तर ज्यांनी रेषा सरकवली ते सगळे तुझ्या पदराआड लपतील. तुझा व्हिसा त्या कंपनीच्या नावावर आहे. नोकरी गेली तर साठ दिवसांत देश सोडावा लागेल हे तूच मला सांगितलेस. तेव्हा गप्प बस. ईमेलचा विषय कोणाकडे काढू नकोस. मिहीरच्या ओळखीत प्लेनोला एक वकीलीणबाई आहेत, कादंबरी नावाच्या, हुशार आहेत. मी त्यांना तुझ्याशी बोलायला लावतो. तू काही करू नकोस. मी बघतो.

अक्षर हलले आहे ते थंडीमुळे. इथे यंदा नळ गोठले.

वेळेवर जेव. रात्री दिवा लावून झोपलीस तरी चालेल.

बाबा


बॉथेल, ८ मार्च २०२४

ती. बाबांना नमस्कार.

वकीलीणबाईंचा फोन आला होता. चांगल्या बोलल्या. मी त्यांचं ऐकलं नाही. तुमचंही नाही.

फेब्रुवारीत व्हर्ननचं स्मरणकार्य झालं. मी जाणार नव्हते, पण लोर्नाने चिठ्ठी पाठवली, ये. त्याच हॉलमध्ये, त्याच खुर्च्या. जेवणांच्या आधी साक्षीदारांची नावं पुकारली. चार नावं. चौथं माझं. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. व्हर्ननच्या भावाने माझ्या हातावर एक नाणं ठेवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की या हॉलमध्ये सप्टेंबरात जे बोललं गेलं ते ही जाणते, हिला ते विचारलं जाईल. आवाज चढवला नाही, काही नाही. लोर्नाने माझ्याकडे पाहिलं पण जवळ आली नाही. माझ्यापुढे ताट आलं, त्यात बटाटे होते.

परवा सहा तारखेला चौकशीची जाहीर सुनावणी झाली. कंपनीच्या वकिलाने एकेचाळीस सह्या पडद्यावर दाखवल्या. मग मी हात वर केला. मी सांगितलं की त्या सह्या संमतीच्या नाहीत, पाकिटं मिळाल्याच्या आहेत. हरकत घेऊ नका असं मी सांगितलं होतं. वाट आतून ठरल्याचं मला सत्तावीस नोव्हेंबरला कळलं होतं आणि ते कळवायचं काम माझं होतं. ती न पाठवलेली ईमेल मी वाचून दाखवली. चारच ओळी आहेत. वाचायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. एवढ्या एका मिनिटासाठी माणूस गेला. लोर्ना पहिल्या रांगेत होती. वाचून झाल्यावर ती एवढंच म्हणाली की ऐकलं. माफ केलं म्हणाली नाही, आणि मी माफी मागितलीही नाही. फेब्रुवारीतला फेरविचार पुढे गेला, रेषेचं काय होणार ते मे महिन्यात कळेल. तोवर टग आतूनच जातायत.

काल दुपारी मला कामावरून काढलं. साठ दिवस कालपासून सुरू.

आता एक लिहिते, रागवा किंवा नका रागवू. त्या रात्री स्मरणकार्याहून परत येताना मी गाडी बाजूला लावली आणि पोटभर रडले, पण व्हर्ननसाठी नाही. आईसाठी. तुम्ही अभिमानाने लिहिलंत, माझं वर्ष वाचलं. मला नको होतं हो ते वर्ष! पुन्हा परीक्षा देता आली असती. अठरा दिवस ती बोलत होती, ऐकत होती, आणि मी होस्टेलवर मैत्रिणींबरोबर चहा पीत बसले होते. मला कोणी विचारलं? तुम्ही ठरवलंत की चारूला सोसायचं नाही. मी ठरवलं की व्हर्ननना सोसायचं नाही. आपण दोघंही प्रेमानेच वागलो, बाबा, आणि त्याचं हे असं झालं.

पुढे काय ते मला माहीत नाही. तुमची तब्येत कशी आहे ते खरं लिहा. वहिनी फोनवर फार गोड बोलते हल्ली, मला ते बरं वाटत नाही.

चारू


फ्रिस्को, १५ मार्च २०२४

चि. चारूस,

तुझे पत्र येऊन तीन दिवस झाले. आज जमेल तेवढे लिहितो. मध्ये मध्ये आडवा होतो, तेव्हा अक्षर बदलेल.

सत्त्याऐंशी साली आमच्या पोस्टात एक पोस्टमन होता. गरीब, सज्जन माणूस. त्याच्या घरी झडतीत बावीस पत्रे सापडली. पैशांचे एकही नव्हते. सगळी मृत्यूच्या खबरींची. गावातल्या लोकांना रडवायला त्याचे मन होईना, म्हणून त्याने ती दाबून ठेवली होती. मी त्याला निलंबित केले. त्याच्या बायकोने पाय धरले, तरी केले. म्हणालो, पत्र ज्याचे त्याचे असते, ते अडवायचा अधिकार तुला कोणी दिला? आणि घरी येऊन मी स्वतः आयुष्यभर तेच करत राहिलो. तुझ्या ड्राफ्टमधल्या ईमेलचे वाचून डिसेंबरातच मला हे आठवायला हवे होते. आठवले नाही. उलट मी तुला शाबासकी दिली. व्हर्ननरावांच्या मरणात तुझ्याइतका माझाही वाटा आहे, तो मी घेतो.

तुझ्या आईबद्दल. तिने तुला विचारले होते. रोज विचारायची. मी सांगायचो, चारूला कळवले आहे, ती निघालीच आहे. अठरा दिवस तेच सांगितले. ती दाराकडे तोंड करून झोपायची. नर्स कुशीवर वळवायची, ती पुन्हा दाराकडे वळायची. शेवटी तिने विचारणे सोडले. तिला कळले असणार. हे मी कोणाला सांगितले नव्हते, मिहीरलाही नाही.

आता माझे. स्कॅन ऑक्टोबरात झाला. स्वादुपिंडाला गाठ आहे, यकृतापर्यंत गेली आहे. उपचार नको म्हटले. डॉक्टर उन्हाळ्यापर्यंत म्हणाले होते, आता तेवढेही म्हणत नाहीत. मिहीरला आणि ऋताला मी शपथ घातली होती की चारूला कळू द्यायचे नाही, मी बघतो. त्यांच्यावर रागावू नकोस. ऋता रोज माझ्याशी त्यावरून भांडते.

साठ दिवसांतले आठ गेले. उरलेले इथे काढ. मी अजून बोलतो, ऐकायला कमी येते ते तू जवळ बसून ओरडशील. आईविषयी विचार, काय विचारायचे ते. मी काही लपवणार नाही. रागावलीस तरी चालेल, पण समोर बसून रागाव.

या पाकिटात एक डॉलरचे नाणे आहे. साध्या पाकिटात नाणे घालू नका म्हणून चौतीस वर्षे लोकांवर ओरडलो, आज वेदकडून चिकटपट्टी मागून घेऊन स्वतः कागदावर चिकटवले. पोचेलसे वाटते. वर लिहिले त्याची तू साक्षीदार. उद्या मिहीर म्हणेल, बाबांनी आईला शेवटी फार जपले. तेव्हा उभी राहा आणि काय झाले ते सांग.

दाराकडे तोंड करून झोपतो आहे. लवकर ये.

तुझा
बाबा